नैराश्यावरील औषध बदलताना : सुरक्षिततेच्या प्रश्नाचा आढावा

नैराश्यावर दिलेले पहिलेच औषध प्रत्येक रुग्णाला लागू पडते असे नाही, आणि लागू पडले तरी ते दीर्घकाळ सोसवतेच असेही नाही. म्हणूनच एका औषधावरून दुसऱ्या औषधावर जाणे ही मनोविकारचिकित्सेतील रोजची गोष्ट आहे. अमेरिकेत २००१ ते २००६ या काळात चार हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश असलेला ‘स्टार-डी’ हा अभ्यास झाला. त्यात सर्वांना प्रथम सिटॅलोप्राम दिले गेले आणि साधारण एक-तृतीयांश रुग्णांची लक्षणे जवळजवळ पूर्ण ओसरली. उरलेल्यांपैकी ज्यांचे औषध बदलले त्यांना सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन किंवा बुप्रोपिऑन यांपैकी एक देण्यात आले, तेव्हा तिन्ही गटांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखे, म्हणजे सुमारे एक-चतुर्थांश, निघाले. या अभ्यासाच्या पुढील टप्प्यांच्या एकत्रित निष्कर्षांवर नंतर गंभीर आक्षेप घेतले गेले; तथापि औषध बदलण्याची वेळ अनेकांवर येते आणि बदलाने काहींना निश्चित लाभ होतो, एवढे त्यातून स्पष्ट होते.

अशा बदलाची चर्चा बहुधा ‘नवे औषध कोणते’ या प्रश्नाभोवती फिरते. सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र जुने औषध शरीरातून किती दिवसांत बाहेर पडते, जाताना कोणती उणीव निर्माण करते आणि मागे कोणता प्रभाव ठेवते, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे असतात. किंबहुना बदलाची पद्धत नव्या औषधापेक्षा जुन्या औषधाच्या स्वभावावरून अधिक ठरते, आणि बदलात होणारे बरेचसे अपाय हा स्वभाव लक्षात न घेतल्यामुळे होतात.

औषधांची कुळे

नैराश्यावरील औषधांचा आधुनिक इतिहास १९५०च्या दशकात सुरू होतो. क्षयरोगासाठी वापरल्या जाणाऱ्या आयप्रोनियाझिडने रुग्णांची मनःस्थिती उंचावते असे न्यूयॉर्कमधील डॉक्टरांना आढळले, आणि त्यातून मोनोअमाइन ऑक्सिडेज या एन्झाइमला रोखणाऱ्या औषधांचे, म्हणजेच एमएओ-रोधकांचे, कुळ उदयाला आले. चेतापेशींमधील संदेशवहन करणारी सिरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन यांसारखी रसायने मोडण्याचे काम हे एन्झाइम करते. त्याच दशकात स्वित्झर्लंडमधील रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा गुण दाखवून दिला आणि ट्रायसायक्लिक, म्हणजे तीन वलयांची रचना असलेल्या औषधांचे दुसरे कुळ पुढे आले. ॲमिट्रिप्टिलिन आणि क्लोमिप्रामिन ही त्यातलीच. १९८७च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला मान्यता मिळाली, तेव्हापासून एसएसआरआय औषधांचे युग सुरू झाले. एक चेतापेशी सिरोटोनिन सोडते आणि नंतर ते पुन्हा शोषून घेते. ही औषधे ते शोषण रोखतात. पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्हॉक्सामिन, सिटॅलोप्राम आणि एस्सिटॅलोप्राम ही याच गटात मोडतात. व्हेन्लाफॅक्सिन, डेसव्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलॉक्सेटिन सिरोटोनिनबरोबर नॉरॲड्रेनलिनचेही पुनर्शोषण अडवतात, तर मिर्टाझापिन, बुप्रोपिऑन आणि ॲगोमेलॅटिन यांचा मार्ग वेगळाच आहे. औषध कोणत्या कुळातून कोणत्या कुळात बदलायचे आहे, यावर पुढचे सारे नियोजन उभे राहते.

बदल खरोखर हवा आहे का

बदलाआधीचा पहिला प्रश्न बदलाच्या गरजेचाच असतो. नैराश्यावरील औषधाचा पूर्ण परिणाम दिसण्यास पुरेशा मात्रेत सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. त्यापूर्वीच औषध कुचकामी ठरवले, तर उपयोगी पडू शकणारे एक औषध यादीतून विनाकारण बाद होते. गोळ्या नियमित घेतल्या जात होत्या का, मात्रा पुरेशी होती का, रुग्ण मद्यपान करतो का, थायरॉइडचा विकार, रक्तक्षय किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता लक्षणांच्या मुळाशी आहे का, हे आधी तपासावे लागते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न निदानाचा आहे. पूर्वी कधी उन्मादाची झाक असलेला काळ, म्हणजे झोप न घेताही उत्साह ओसंडणे, अवाजवी खर्च किंवा अतिबोलकेपणा, येऊन गेला असेल तर आजार द्विध्रुवी असू शकतो. अशा रुग्णाला एकामागून एक नैराश्यविरोधी औषधे देत राहण्याने आजार अधिक अस्थिर होण्याचा धोका असतो.

बदलाची रास्त कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले म्हणजे पुरेशा मात्रेत पुरेसा काळ घेऊनही गुण न येणे. दुसरे म्हणजे लैंगिक अडचणी, वजनवाढ, सतत मळमळ किंवा गुंगी यांसारखे न सोसणारे दुष्परिणाम. तिसरे कारण म्हणजे दुसऱ्या आजारामुळे किंवा त्यावरील औषधामुळे आधीचे औषध अयोग्य ठरणे. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन सुरू होते तेव्हा या तिसऱ्या कारणाचे ठळक उदाहरण दिसते. टॅमॉक्सिफेनला परिणामकारक रूप देणारे सीवायपी-२डी६ हे यकृतातील एन्झाइम पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन जोरकसपणे रोखतात. म्हणून अशा रुग्णाला या एन्झाइमला फारसा धक्का न लावणाऱ्या औषधावर नेण्याचा विचार केला जातो. थोडा गुण आला आहे पण पुरेसा नाही, अशा वेळी बदलण्याऐवजी मात्रा वाढवणे, जोडीला दुसरे औषध देणे किंवा मानसोपचाराची जोड देणे हेही पर्याय खुले असतात, कारण जुने औषध सोडताना मिळालेला गुणही हातचा जाऊ शकतो.

चार धोके

बदलाच्या काळातील पहिला धोका औषध थांबवल्यामुळे उद्भवणाऱ्या लक्षणांचा आहे. त्यांत चक्कर, मळमळ, फ्लूसारखी अंगदुखी, झोपमोड, विचित्र स्वप्ने, चिडचिड, एकाएकी रडू येणे आणि डोक्यात विजेचा हलका झटका बसल्यासारखी जाणीव यांचा समावेश होतो. ही लक्षणे म्हणजे व्यसन नव्हे. औषधाच्या सततच्या उपस्थितीशी जुळवून घेतलेल्या मेंदूची ती उलटी प्रतिक्रिया असते. २०२४ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या संशोधनानुसार नैराश्यविरोधी औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना अशी लक्षणे जाणवली, तर निष्क्रिय गोळी थांबवणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते; तीव्र लक्षणे शंभरातील साधारण तीन जणांना झाली. या विश्लेषणातील अनेक अभ्यासांत औषध घेण्याचा कालावधी कमी होता आणि वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांना हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, असा आक्षेप काही संशोधकांनी घेतला आहे.

दुसरा धोका याच्या नेमका उलट, म्हणजे सिरोटोनिनच्या अतिरेकाचा आहे. दोन सिरोटोनिनवर्धक औषधे एकत्र आली की अस्वस्थता, घाम, हातापायांचा कंप, जुलाब, वाढलेला ताप, आणि पाऊल वर दाबले असता घोट्याच्या स्नायूंची थांबून-थांबून होणारी लयबद्ध उसळी, अशी लक्षणे दिसतात. अवस्था तीव्र झाल्यास जिवावर बेतते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००३ साली मांडलेल्या ‘हंटर’ निकषांत निदानासाठी या स्नायू-उसळीला सर्वाधिक महत्त्व दिले आहे. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये फेनेल्झिन हे एमएओ-रोधक घेणाऱ्या अठरा वर्षांच्या एका तरुणीला पेथिडिन हे वेदनाशामक दिले गेले आणि काही तासांत तिचा मृत्यू झाला. या संयोगाच्या धोक्याकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या या प्रकरणातूनच पुढे त्या राज्यात निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आल्या.

तिसरा धोका औषधांची रक्तातील पातळी अनपेक्षितपणे चढण्याचा आहे, आणि चौथा मूळ आजार उलटण्याचा. या चारही गोष्टींची लक्षणे एकमेकांत मिसळतात; त्यामुळे वेळेचे भान हाच निदानातील मोठा आधार ठरतो. सिरोटोनिनचा अतिरेक मात्रा वाढवल्यानंतर किंवा नवे औषध सुरू केल्यानंतर बहुधा चोवीस तासांच्या आत दिसतो. औषधविरामाची लक्षणे सामान्यतः दोन-चार दिवसांत सुरू होतात, पूर्वी नसलेल्या शारीरिक जाणिवा घेऊन येतात आणि जुनी मात्रा पुन्हा दिल्यास लवकर शमतात. आजाराचे उलटणे मात्र सहसा काही आठवड्यांत हळूहळू होते आणि त्यात जुनी, ओळखीची लक्षणे परततात. हा भेद न ओळखल्यास, जुने औषध झपाट्याने सोडल्यामुळे झालेला त्रास नव्या औषधाचा दुष्परिणाम समजला जातो आणि कदाचित उपयोगी पडले असते असे औषध बंद केले जाते.

अर्धायुकाल आणि एन्झाइम

शरीरातील औषधाची पातळी निम्मी होण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात, आणि साधारण पाच अर्धायुकालांनंतर औषधाचा जेमतेम तीन टक्के अंश उरतो. व्हेन्लाफॅक्सिनचा अर्धायुकाल सुमारे पाच तासांचा आणि त्यापासून बनणाऱ्या सक्रिय पदार्थाचा सुमारे अकरा तासांचा असल्यामुळे एखादी गोळी चुकली तरी काही रुग्णांना त्याच दिवशी त्रास जाणवतो. पॅरॉक्सेटिनचा अर्धायुकाल सुमारे एक दिवसाचा आहे. पण ते स्वतःला मोडणारे एन्झाइम स्वतःच रोखत असते, त्यामुळे मात्रा उतरू लागताच ही रोख सैल होते आणि पातळी अपेक्षेपेक्षा वेगाने घसरते. फ्लुऑक्सेटिन याच्या दुसऱ्या टोकाला आहे. नियमित सेवनानंतर त्याचा अर्धायुकाल चार ते सहा दिवसांचा होतो आणि नॉरफ्लुऑक्सेटिन हा त्याचा सक्रिय अंश त्याहूनही दीर्घकाळ, शेवटच्या गोळीनंतर कित्येक आठवडे, शरीरात टिकतो. म्हणून फ्लुऑक्सेटिन सोडणे तुलनेने सोपे असते, पण त्याच्यानंतर दुसरे औषध सुरू करताना सर्वाधिक सावधगिरी लागते.

एन्झाइमांचे गणितही येथेच येते. सीवायपी-२डी६ हे एन्झाइम बहुतेक ट्रायसायक्लिक औषधे मोडते. फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिनच्या जोडीला, किंवा फ्लुऑक्सेटिन नुकतेच थांबवल्यावर, ॲमिट्रिप्टिलिनसारखे औषध नेहमीच्या मात्रेत दिले तर त्याची रक्तातील पातळी कित्येक पटींनी वाढून हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते; म्हणून अशा वेळी नवे औषध अगदी अल्प मात्रेने सुरू करतात. बुप्रोपिऑन आणि ड्युलॉक्सेटिनही हेच एन्झाइम कमी-अधिक रोखतात. फ्लुव्हॉक्सामिन मात्र सीवायपी-१ए२ हे वेगळे एन्झाइम अडवते. त्यामुळे त्याच्याबरोबर ॲगोमेलॅटिन किंवा स्नायू सैल करणारे टिझॅनिडिन देणे निषिद्ध मानले आहे.

बदलाच्या चार पद्धती

पहिली पद्धत थेट बदलाची आहे : आज जुन्या औषधाची शेवटची गोळी आणि उद्यापासून नव्या औषधाची पहिली. दोन्ही औषधांचा मार्ग सारखा असेल, उदाहरणार्थ सिटॅलोप्रामवरून सर्ट्रालिनवर जायचे असेल, तर नवे औषध जुन्याची उणीव बऱ्याच अंशी भरून काढते आणि ही पद्धत अनेकदा सुकर ठरते. दुसऱ्या पद्धतीत जुन्याची मात्रा क्रमाने उतरवत नेऊन ते थांबवले जाते आणि लगेच नवे सुरू केले जाते. तिसरी पद्धत सर्वाधिक सावध आहे. तीत जुने औषध उतरवून थांबवल्यानंतर ते शरीरातून निघून जाईपर्यंत काही दिवसांचे वा आठवड्यांचे मोकळे अंतर ठेवले जाते. धोकादायक संयोग यामुळे टळतो, पण त्या काळात रुग्ण उपचाराविना राहतो आणि आजार उलटण्याची शक्यता वाढते. चौथी पद्धत ‘क्रॉस टेपर’ या नावाने ओळखली जाते; तीत जुन्याची मात्रा पायरीपायरीने उतरवतानाच नव्याची मात्रा पायरीपायरीने चढवली जाते. पॅरॉक्सेटिनवरून मिर्टाझापिनवर जाताना ती सोयीची ठरते. उपचारात खंड पडत नाही हा तिचा गुण, तर काही काळ दोन औषधे शरीरात एकत्र राहतात हा तिचा दोष.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. बुप्रोपिऑन, मिर्टाझापिन आणि ॲगोमेलॅटिन ही औषधे सिरोटोनिनचे पुनर्शोषण रोखत नाहीत. म्हणून एसएसआरआय एकदम बंद करून यांपैकी एखादे सुरू केल्यास नैराश्यावर उपचार चालू राहतो, परंतु औषधविरामाच्या लक्षणांपासून संरक्षण मिळत नाही. अशा बदलात जुने औषध स्वतंत्रपणे आणि संथपणे उतरवावे लागते. ट्रायसायक्लिक औषधे एकदम थांबवल्यास मळमळ, घाम आणि अस्वस्थता उसळते, त्यामुळे त्यांनाही हाच नियम लागू पडतो.

एमएओ-रोधकांच्या बाबतीत मात्र पर्यायच उरत नाही. तेथे मोकळे अंतर अनिवार्य आहे. फेनेल्झिन आणि ट्रॅनिलसिप्रोमिन ही औषधे एन्झाइमला कायमचे निकामी करतात, आणि औषध शरीरातून गेले तरी शरीराला नवे एन्झाइम तयार करण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून ती थांबवल्यावर किमान १४ दिवस सिरोटोनिनवर्धक औषध देता येत नाही. उलट दिशेने, म्हणजे फ्लुऑक्सेटिन थांबवून एमएओ-रोधक सुरू करण्यापूर्वी, किमान पाच आठवडे थांबावे लागते. मोक्लोबेमाइड एन्झाइमला तात्पुरतेच अडवते. त्यामुळे त्याच्यानंतर एक दिवसाचे अंतर पुरेसे मानले जाते.

भारतीय परिस्थितीतील अडचणी

भारतात एमएओ-रोधक नैराश्यासाठी क्वचितच दिले जातात, पण म्हणून हा धोका येथे नाही असे समजणे चुकीचे ठरेल. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर वापरले जाणारे लिनेझोलिड हे प्रतिजैविक मोनोअमाइन ऑक्सिडेजलाही रोखते. क्षयरोग आणि नैराश्य एकाच रुग्णात आढळणे येथे विरळ नाही. तेव्हा छातीरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांना एकमेकांची औषधे ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. क्षयावरचेच रिफॅम्पिसिन यकृतातील एन्झाइमांना चालना देऊन अनेक नैराश्यविरोधी औषधांची पातळी खाली आणते, त्यामुळे गुण न येण्याचे कारण वेगळे असूनही औषधच निष्फळ ठरवले जाते. दुखण्यासाठी दिले जाणारे ट्रॅमाडॉल आणि खोकल्याच्या अनेक पातळ औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन हेही सिरोटोनिनवर्धक आहेत.

दुसरी अडचण संयुक्त गोळ्यांची आहे. भारतीय बाजारात एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम किंवा ॲमिट्रिप्टिलिन आणि क्लोरडायझेपॉक्साइड एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. अशी गोळी एकदम बदलली तर नैराश्यविरोधी घटकाबरोबर झोपेचा, चिंताशामक घटकही एका रात्रीत थांबतो, आणि तो महिनोन्‌महिने घेतला असल्यास तीव्र घबराट, निद्रानाश व क्वचित आकडीही येऊ शकते. म्हणून बदलापूर्वी संयुक्त गोळी घटकशः वेगळी करून प्रत्येक घटकाच्या उतरणीची स्वतंत्र आखणी करणे हाच सुरक्षित मार्ग आहे. एकच औषध अनेक व्यापारी नावांनी विकले जात असल्यामुळे जुने आणि ‘नवे’ औषध प्रत्यक्षात एकच असण्याची, किंवा दोन डॉक्टरांनी एकाच गटातील औषधे एकाच वेळी लिहून दिलेली असण्याची शक्यताही येथे खरी आहे.

निमहान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचे आढळले. जेथे पहिली भेटच दुर्मीळ आहे, तेथे दर पंधरवड्याला मात्रा बदलून तपासणी करणे किती अवघड असेल, हे यावरून कळते. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या घेत राहणे आणि प्रवासात किंवा सणासुदीत त्या संपल्या की एकदम थांबणे, हे याच टंचाईचे परिणाम आहेत.

विशेष काळजीचे गट

वृद्धांमध्ये एसएसआरआय किंवा व्हेन्लाफॅक्सिन सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील सोडियम घटण्याचा धोका असतो. गोंधळलेपणा किंवा तोल जाणे दिसल्यास तपासणी तातडीने करावी लागते. साठी ओलांडलेल्यांत सिटॅलोप्रामची मात्रा दिवसाला २० मिलिग्रॅमच्या पुढे नेऊ नये, अशी अमेरिकी औषध नियामक संस्थेची सूचना आहे. आकडीचा विकार असलेल्यांना बुप्रोपिऑन देत नाहीत. पंचविशीच्या आतील रुग्णांत औषध सुरू करताना किंवा मात्रा बदलताना आत्मघाताचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेत २००४ मध्ये मुलांसाठी देण्यात आला आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी विस्तारला गेला. औषध बदलताना थांबवणे आणि सुरू करणे एकाच वेळी घडत असल्याने या काळात जवळच्या माणसांनी अधिक लक्ष द्यावे लागते. गर्भधारणा झाल्याचे कळताच घाईने औषध बदलणे किंवा थांबवणे हे मात्र नेहमीच हिताचे नसते, कारण बदलामुळे गर्भ दोन औषधांच्या संपर्कात येतो आणि आजार उलटल्यास त्याची झळ आई व बाळ दोघांनाही बसते.

पुराव्यांची मर्यादा

बदलाच्या या पद्धतींना प्रत्यक्ष तुलनात्मक चाचण्यांचा आधार थोडा आहे. मॉडस्ली मार्गदर्शिकेसारख्या ग्रंथांतील कोष्टके मुख्यतः औषधशास्त्र आणि तज्ज्ञांचा अनुभव यांवर बेतलेली आहेत. मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासांतून असे दिसले आहे की एसएसआरआयच्या नेहमीच्या किमान मात्रेलाच सिरोटोनिन शोषणाच्या सुमारे ८० टक्के जागा व्यापल्या जातात आणि मात्रा दुप्पट केली तरी त्यात अल्पच भर पडते. याचा अर्थ मात्रा निम्मी केल्याने परिणाम निम्मा होत नाही. उतरणीचा खरा कस शेवटच्या, लहान मात्रांत लागतो. म्हणून मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये अखेरच्या टप्प्यात अधिकाधिक लहान पायऱ्यांनी उतरण्याची कल्पना मांडली, आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांतही मात्रा टप्प्याटप्प्याने, आधीच्या मात्रेच्या प्रमाणात घटवण्याची शिफारस आली. ही कल्पना औषध कायमचे सोडणाऱ्यांसाठी असली, तरी वेगळ्या मार्गाच्या औषधाकडे वळणाऱ्यांनाही तिचा उपयोग आहे. यावरून हेही दिसते की कोणतेही कोष्टक अंतिम नाही; ते केवळ आरंभबिंदू आहे, आणि उतरणीचा वेग रुग्णाला होणाऱ्या त्रासावरून कमी-अधिक करावा लागतो.

औषध बदलण्याचा निर्णय मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हायला हवा आणि त्याची आखणी तारखा व मात्रांसह कागदावर रुग्णाच्या हाती पडायला हवी. घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाची, अगदी खोकल्याच्या आणि अंगदुखीच्या गोळीचीही, माहिती डॉक्टरांना देणे, दीर्घकाळ परिणामाची म्हणून बनवलेली गोळी स्वतः न तोडणे, आणि ताप, अतिकंप, गोंधळ किंवा आत्मघाताचे विचार दिसताच थेट रुग्णालय गाठणे, एवढी जबाबदारी रुग्ण आणि कुटुंब यांच्याकडे राहते. तज्ज्ञ जवळ नसेल तेव्हा केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो. पहिल्या औषधाने गुण दिला नाही म्हणून कोणीही उपचार सोडू नये, आणि दुसऱ्या औषधाच्या आशेने पहिले एका दिवसात टाकूही नये. हा बदल सुरक्षितपणे करता येतो, मात्र तो घाईने आणि एकट्याने करायचा नसतो.